सेंचा ते होजिचा: जपानी हिरवा चहा घरी कसा पारखायचा

जपानी चहाच्या दुकानाची यादी उघडली की सेंचा, फुकामुशी सेंचा, काबुसेचा, ग्योकुरो, माच्चा, कुकिचा, बानचा, होजिचा, गेनमाइचा अशी नावं एकामागून एक येत राहतात. किमतींत तर दहापटीचा फरक. साहजिकच वाटतं की महाग तो उत्तम आणि स्वस्त तो दुय्यम. हा समज आधी बाजूला ठेवा. यातली बहुतेक नावं दर्जा सांगत नाहीत, पानावर काय काय केलं ते सांगतात. उत्तम बानचा असतो आणि सुमार ग्योकुरोही असतो.

सगळं पान एकाच जातीच्या झाडाचं, कॅमेलिया सायनेन्सिसचं. आपला आसाम चहाही त्याच झाडाचा. जपानी प्रकारांतला फरक तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. खुडणीआधी झाडावर सावली धरली होती का, आणि किती दिवस? पान कोणत्या हंगामात खुडलं आणि त्यात पान किती, देठ किती? खुडल्यावर त्याला कोणती उष्णता दिली, आणि किती? हे तीन प्रश्न हाताशी असले की अनोळखी नावाचं पाकीटही समोर आलं तरी अडत नाही.

म्हणून या लेखातली पद्धत जोड्यांची आहे. आठ प्रकार एकदम ओळीत मांडून चाखले तर तिसऱ्या कपानंतर जीभ थकते आणि लक्षात काहीच राहत नाही. त्याऐवजी ज्यांच्यात या तीनपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे, असे दोन चहा शेजारी ठेवायचे. मग कपात जाणवणारा फरक कशामुळे आला, हे नेमकं कळतं.

आधी मळ्यात आणि कारखान्यात काय होतं ते पाहू

पान खुडल्याबरोबर त्यातली विकरं कामाला लागतात आणि ते काळं पडू लागतं. काळ्या चहासाठी हे मुद्दाम होऊ देतात. हिरव्या चहासाठी ते उष्णता देऊन लगेच थांबवतात. चीनमध्ये बहुतेक हिरवा चहा तापलेल्या कढईत परततात, तर जपानमध्ये वाफ देतात. जपानी चहाचा गडद हिरवा रंग आणि ताज्या पाल्याचा वास या वाफेतून येतो. वाफवलेलं पान मग गरम हवेत वळत वळत वाळवतात आणि त्याला सुईसारखा आकार येतो.

वाफवून, वळून, वाळवण्याची ही रीत क्योतोजवळच्या उजितावारा गावच्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली, असं मानलं जातं. तो चहा एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, यामामोतो काहेइ या व्यापाऱ्याने विकायला घेतला. आज जपानमध्ये सगळ्यात जास्त होणारा प्रकार सेंचा हाच.

सावलीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण किमतीतला सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. चहाच्या झाडाच्या मुळांत थियानिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि ते वर पानांत चढतं. चहाला जो गोडसर, जिभेवर रेंगाळणारा, रश्शासारखा भरीव स्वाद येतो, ज्याला उमामी म्हणतात, त्याचा मोठा वाटा या थियानिनचा. पानावर ऊन पडलं की थियानिन खर्ची पडतं आणि कॅटेचिन वाढतात. कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. मळ्यावर खुडणीआधी आच्छादन घातलं की हे रूपांतर मंदावतं. पान कमी उजेडात जास्तीत जास्त प्रकाश धरायला हरितद्रव्य वाढवतं, म्हणून रंगही गडद होतो. शिवाय त्याला समुद्री शेवाळाच्या जवळ जाणारा एक खास वास येतो. ग्योकुरोसाठी साधारण वीस दिवस सावली धरतात, काबुसेचासाठी आठवडा ते दोन आठवडे, आणि माच्चासाठी लागणाऱ्या तेंचा पानांना वीस दिवस किंवा त्याहून अधिक. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा पसरत, आता बहुतेक ठिकाणी काळं जाळीदार कापड असतं. उजेड तोडल्याने झाडावर ताण येतो, उत्पादन घटतं आणि मजुरी वाढते. किंमत चढते ती त्यामुळे.

हंगामाचा परिणामही असाच पानात उतरतो. हिवाळाभर झाड विसावलेलं असतं आणि वसंतातल्या पहिल्या कोवळ्या पानांत थियानिन भरपूर असतं. ही पहिली खुडणी कागोशिमासारख्या दक्षिणेकडच्या भागात एप्रिलमध्येच सुरू होते, शिझुओका आणि क्योतोजवळच्या उजीकडे एप्रिलअखेर ते मेमध्ये. दुसरी खुडणी जून-जुलैत. त्या पानाने जास्त ऊन खाल्लेलं असतं, त्यामुळे ते अधिक तुरट. त्यानंतरची किंवा निबर, मोठी पानं बानचासाठी जातात.

पहिली पायरी: कोणती पाकिटं घ्यायची

सगळे प्रकार एकदम विकत घेऊ नका. उघडलेला हिरवा चहा लवकर उतरतो, आणि आठ उघडी पाकिटं संपवायला घरात माणसं कमी पडतात. सुरुवातीला तीन पुरेत: एक साधा सेंचा, एक ग्योकुरो (नाहीतर निदान काबुसेचा) आणि एक होजिचा, म्हणजे भाजलेला चहा. ग्योकुरो लहानात लहान पाकिटात घ्या. या तिघांत सावली आणि भाजणी हे दोन्ही मोठे फरक समजून येतात. गोडी लागली की बानचा, फुकामुशी (जास्त वाफवलेला सेंचा), कुकिचा (देठांचा) आणि गेनमाइचा (भाजलेला तांदूळ घातलेला) आणावेत. माच्चाला अवजारं वेगळी लागतात, म्हणून त्याचा विचार सगळ्यात शेवटी.

पाकिटावर चार गोष्टी पाहा. उत्पादक देश जपान आहे का, कारण जपानी पद्धतीने वाफवलेला सेंचा चीनमध्येही बनतो. तो वाईटच असतो असं नाही, पण तुलनेसाठी मिसळ नको. दुसरं, प्रांत लिहिलाय का: शिझुओका, कागोशिमा, क्योतो (उजी), फुकुओका (यामे), मिए. तिसरं, खुडणीचं वर्ष किंवा पहिल्या खुडणीचा उल्लेख. चौथं, घटकांची यादी. ‘सेंचा’ लिहिलेल्या स्वस्त पाकिटात कधी हिरवा रंग यावा म्हणून माच्चाची भुकटी मिसळलेली असते. तसं लिहिलेलं असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त त्या चहाचा रंग पाहून पानाबद्दल मत बनवू नका.

पारदर्शक बरणीतून, उजेडात ठेवलेला सुटा हिरवा चहा कोणी कितीही वाखाणला तरी घेऊ नका. उजेड आणि हवा या दोन्हींनी तो आधीच मेलेला असतो.

झाडाचा वाण पाकिटावर दिला असेल तर त्याची नोंद करा. जपानच्या चहामळ्यांत मोठा भाग याबुकिता या एकाच वाणाचा आहे. सुगियामा हिकोसाबुरो यांनी तो १९०८ मध्ये शिझुओकात निवडला. साएमिदोरी, ओकुमिदोरी, युताकामिदोरी, आसात्सुयु हे इतर वाण. साएमिदोरी आणि आसात्सुयु मुळातच गोडीकडे झुकणारे आहेत. जोडी लावताना दोन्ही पाकिटं याबुकिताची मिळाली तर तुलना अधिक स्वच्छ होते.

दुसरी पायरी: साहित्य आणि पाणी

क्यूसू ही बाजूला दांडा असलेली जपानी चहादाणी सुंदर असते. आइचीतल्या तोकोनामे गावच्या लाल मातीच्या क्यूसू प्रसिद्ध आहेत. पण तुलनेसाठी ती लागत नाही, आणि एकच क्यूसू वापरली तर दोन चहा एका वेळी मुरवताही येत नाहीत. घरातल्या दोन सारख्या मापाच्या पांढऱ्या वाट्या किंवा मग, बारीक जाळीची गाळणी, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणि घड्याळ एवढ्यावर काम होतं. वाट्या पांढऱ्याच हव्यात, नाहीतर रंग कळणार नाही. चमच्याने चहा मोजू नका. होजिचाचा चमचा भरून दोन ग्रॅमही होत नाही, आणि बारीक फुकामुशीचा त्याच चमच्यात कितीतरी जास्त बसतो. नुसत्या या मापामुळे अनेकांना एक चहा ‘कडक’ आणि दुसरा ‘पाणचट’ वाटतो.

पाण्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. जपानचं पाणी बहुतांश मऊ, आणि तिथला चहा त्या पाण्यासाठी बनलेला. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे चहाचा रंग मळतो, वास दबतो आणि नाजूक गोडी हरवते. तुमच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, जसा बोअरवेलच्या पाण्यावर हमखास बसतो, तर ते पाणी या कामासाठी वापरू नका. तलावाचं पाणी असलेल्या शहरांत नळाचं पाणी बहुधा चालतं. क्लोरीनचा वास जावा म्हणून झाकण उघडं ठेवून दोन-तीन मिनिटं उकळू द्या. आरओचं पाणी क्षार जवळजवळ सगळे काढून टाकतं आणि त्यात चहा कधी कधी सपाट लागतो. तसं झालं तर त्यात थोडं उकळलेलं नळाचं पाणी मिसळून पाहा. सगळ्या फेऱ्यांना पाणी एकच ठेवा म्हणजे झालं.

तापमान मोजायला स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर जपानी घरांत वापरतात तीच युक्ती करा: आधणाचं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की दर ओतण्याला ते सुमारे १० अंशांनी उतरतं. किटलीतून कपात ओतलं की ९०च्या आसपास, तिथून दुसऱ्या कपात ८०, पुन्हा एकदा ७०. हिवाळ्यातल्या नाशकात ते थोडं जास्त उतरेल, मे महिन्यातल्या नागपुरात कमी.

तिसरी पायरी: पहिली फेरी, सगळ्यांना एकच आधण

ही फेरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. चहा तपासणारे व्यावसायिक लोक सेंच्यालाही उकळतं पाणीच घालतात: ३ ग्रॅम पान, पांढरी वाटी, सुमारे २०० मिलिलीटर पाणी. पिण्यासाठी ही रीत नाही. उकळतं पाणी पानातलं सगळं बाहेर काढतं, गुणही आणि दोषही. बेताच्या पाण्यात लपून राहणारा शिळेपणा, धुराचा वास, वाफवण्यात झालेली चूक इथे उघडी पडते.

दोन वाट्यांत ३-३ ग्रॅम पान घ्या. कोरडं पान आधी पांढऱ्या कागदावर पसरून पाहा: सुया सारख्या आहेत की तुकडे, भुकटी किती, देठ किती, रंग चमकदार की निस्तेज. मग उकळतं पाणी ओता. मिनिटभराने चमच्याने पान उचलून वाफेचा वास घ्या. वास सर्वांत स्पष्ट याच क्षणी येतो, आणि थंड झाल्यावर तो परत मिळत नाही. तीन मिनिटांनी गाळा. रंग पाहा, मग चमच्याने घोट घ्या, हवेसकट ओढून घेतला तर उत्तम. दोन चहांच्या मधे कोमट पाण्याने चूळ भरा.

ग्योकुरो इथे कडू लागेल. घाबरू नका. त्या कडवटपणाखाली जाड, रेंगाळणारी गोडी आहे का ते शोधा. असेल तर पान खरोखर सावलीतलं. नुसता तुरटपणा असेल आणि घशात काहीच मागे उरत नसेल, तर नावापुरता ग्योकुरो घेतलाय.

चौथी पायरी: दुसरी फेरी, ज्याला त्याला मानवेल तसं

आता पिण्याचा चहा. मागे एकच रसायन आहे: थियानिन आणि इतर अमिनो आम्लं कोमट, अगदी गार पाण्यातही सहज उतरतात. कॅफिन आणि तुरट कॅटेचिन्स जास्त उतरायला गरम पाणी लागतं. म्हणून ज्या पानात गोडी भरपूर, त्याला पाणी कमी तापलेलं. ज्यात गोडी कमी आणि भाजणीचा वास जास्त, त्याला उकळतं, कारण तो वास उष्णतेनेच सुटतो. ‘ग्रीन टी कडू असतो’ ही आपल्याकडची सार्वत्रिक तक्रार बहुतांश उकळत्या पाण्यात पाच मिनिटं विसरलेल्या पिशवीची आहे.

सेंचा: ४ ग्रॅम, १५० मिलि, ७० ते ८० अंश, एक मिनिट. पाणी ओतल्यावर ढवळू नका, भांडं हलवू नका. ढवळलं की कडवटपणा सुटतो. दोन कप भरायचे असतील तर आळीपाळीने थोडा थोडा ओता, म्हणजे दोन्हींचा कस सारखा राहील, आणि शेवटचा थेंबही निथळू द्या. सगळ्यात दाट अर्क त्या शेवटच्या थेंबांत असतो. शिवाय पानात पाणी उरलं तर त्याच पानांचा दुसरा कप कडू होतो.

फुकामुशी: याला सेंच्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ वाफ दिलेली असते. पान मऊ होऊन तुटतं, म्हणून पाकिटात भुकटी दिसते. तो दोष नाही, प्रकारच तसा आहे. शिझुओकातल्या माकिनोहारा पठारावर भरपूर ऊन आणि जाडसर पान, त्यातला तुरटपणा कमी करायला ही रीत रुजली. अर्क झटकन उतरतो: त्याच मापाला ३० ते ४५ सेकंद पुरे. गाळणी बारीक नसेल तर कपात गाळ येईल.

ग्योकुरो: इथे माप बदलतं, आणि ते बदलल्याशिवाय ग्योकुरो समजत नाही. ५ ग्रॅम पानाला फक्त ५० ते ६० मिलि पाणी, ५० ते ६० अंश, दोन ते अडीच मिनिटं. हाती येतात दोन-तीन घोट. ते सावकाश, जिभेवर फिरवून घ्यायचे. ज्यांनी ग्योकुरो मगभर पाण्यात करून ‘यात एवढं काय’ म्हटलं, त्यांनी एकदा या मापाने करून पाहावं. त्याच पानांवर पुढची पाणी क्रमाने थोडी जास्त गरम घ्या. तिसऱ्या-चौथ्या पाण्यानंतर उरलेली कोवळी पानं जपानमध्ये सोया सॉसचे थेंब टाकून खातात. मीठ-लिंबू लावूनही ती छान लागतात.

काबुसेचा: ७० अंश, दीड मिनिट. मजा अशी की कमी तापमानाला तो ग्योकुरोकडे झुकतो आणि ८० अंशांना सेंच्याकडे. एकाच पाकिटातून दोन स्वभाव पाहायचे असतील तर याच्यासारखा चहा नाही. मिए प्रांत यात आघाडीवर आहे.

कुकिचा: देठांचा चहा. ८० अंश, ४५ सेकंद. हलका, गोडसर, वासाला ताजा. सेंचा करताना वेगळे काढलेले हे देठ स्वस्तात मिळतात, आणि ग्योकुरोचे देठ मिळाले तर ते सोडू नका. रोज पिण्यासाठी याच्याइतका समाधानी सौदा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

बानचा, होजिचा, गेनमाइचा: तिघांनाही आधण. बानचा ४ ग्रॅम, २०० मिलि, ३० ते ४५ सेकंद. होजिचा त्याच मापाने अर्धा मिनिट. गेनमाइचामध्ये साधारण निम्मा भाजलेला तांदूळ असतो आणि त्यातले फुललेले दाणे आपल्या लाह्यांसारखेच दिसतात. त्यालाही अर्धा मिनिट, जास्त नको.

याखेरीज क्युशू बेटावर सागातल्या उरेशिनोत आणि मियाझाकीतल्या डोंगराळ भागात वाफेऐवजी कढईत परतलेला कामाइरिचा मिळतो. हाताशी आला तर सेंच्याशेजारी ठेवाच, कारण वाफ आणि कढई यांतला फरक एका घोटात कळतो: पाल्याचा वास जाऊन भाजकी, स्वच्छ गोडी येते. सुशीच्या दुकानात मिळतो तो कोनाचा म्हणजे सेंचा-ग्योकुरो साफ करताना निघालेला चुरा. कडक, तोंड धुऊन काढणारा, खाण्याबरोबर घ्यायचा.

पाचवी पायरी: जोड्या लावणं

सेंचा आणि ग्योकुरो. हा सावलीचा फरक. जिभेच्या कडांना सेंचा कोरडा करतो, ग्योकुरो करत नाही, उलट लाळ सुटते. गिळल्यावर तीस सेकंद थांबा. सेंचाची ताजी तरतरी ओसरते, ग्योकुरोची चव तशीच असते. हा उरण्याचा काळ लिहून ठेवा. दोन ग्योकुरोंची आपसांत तुलना करायला यापेक्षा चांगलं माप मला मिळालेलं नाही.

सेंचा आणि फुकामुशी. हा वाफेचा फरक. साध्या सेंच्याचा कप पारदर्शक, सोनेरी-हिरवा. फुकामुशीचा गढूळ, गर्द हिरवा आणि जाड. वास साध्यात जास्त, अंगभरणी फुकामुशीत जास्त. ‘जास्त हिरवा म्हणजे जास्त चांगला’ ही समजूत या जोडीपाशी गळून पडते: उजीचे उत्तम सेंचे कपात फिकट पिवळसर दिसतात.

बानचा आणि होजिचा. हा भाजणीचा फरक. भाजल्यावर तुरटपणा बसतो आणि खरपूस वास वर येतो. एक होजिचा दुसऱ्याशी ताडायचा तर आधी पाहा की तो पानांचा आहे की देठांचा. कानाझावा शहरात भाजलेल्या देठांचा कागा बोचा प्रसिद्ध आहे, आणि तो पानांच्या होजिचापेक्षा कितीतरी गोड.

एका वेळी एकच जोडी घ्या, आणि क्रम हलक्याकडून दाटाकडे ठेवा. होजिचा शेवटी, कारण त्याचा वास खोलीत भरला की पुढच्या सेंच्याचा नाजूक वास कळत नाही. त्याच कारणाने स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना चहा पारखायला बसू नका. साखर, मध, लिंबू या फेऱ्यांत नको. नंतर तुमच्या कपात हवं ते घाला. होजिचात दूध छान जमतं. नोंदी साध्या शब्दांत करा: तुरट, कडू, गोडसर, खरपूस, गवताळ, खारट, जाड, पातळ. पाकिटावरची काव्यमय वर्णनं चाखून होईपर्यंत वाचू नका.

माच्चाची तुलना वेगळी

माच्चा मुरवत नाहीत, पान भुकटी करून पाण्यात घोटून सगळंच पितात. त्यासाठीचं तेंचा पान सावलीत वाढवून वाफवतात आणि न वळता वाळवतात. मग देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यावर तासाला ४० ग्रॅमच्या आसपासच माच्चा निघतो. साधा सेंचा दळला तर ती हिरव्या चहाची पूड होते, माच्चा नव्हे, आणि बाजारात ही गल्लत सर्रास चालते.

‘सेरेमोनियल ग्रेड’ या शब्दांवर विसंबू नका. जपानमध्ये अशी कायदेशीर श्रेणी नाही, डब्यावर कोणीही ते लिहू शकतो. जपानी चहावाले विचारतात ते वेगळंच: हा माच्चा घट्ट चहाला, म्हणजे कोइचाला, चालेल की फक्त पातळ उसुचाला? कोइचात सुमारे ४ ग्रॅम माच्चा जेमतेम ४० मिलि पाण्यात घोटतात. त्या दाटपणात कडवटपणा लपायला जागाच नसते.

दोन माच्चा ताडायचे तर दोन चिमटी पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने ओढा. चांगला माच्चा मऊ, सलग, तेजस्वी हिरवी रेघ सोडतो. सुमार किंवा जुना माच्चा पिवळट, खाकी आणि थोडा खरखरीत दिसतो. मग प्रत्येकी २ ग्रॅम गाळणीतून चाळा, ८० अंशांचं ६०-७० मिलि पाणी घाला आणि चासेन या बांबूच्या घुसळणीने मनगटातून झपाझप पुढे-मागे घोटा, गोल फिरवू नका. फेस बारीक आला की थांबा. दूध किंवा केकसाठी मात्र महागडा माच्चा खर्चू नका. तिथे दूध-साखरेतून वर यायला थोडा कडवटपणा लागतोच, आणि स्वस्त माच्चा ते काम चोख करतो.

किती आणि केव्हा

जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यात १०० मिलि तयार चहातलं कॅफिन असं दिलंय: ग्योकुरो १६० मिलिग्रॅम, सेंचा २०, होजिचा २०, बानचा आणि गेनमाइचा १०. त्याच तक्त्यात कॉफी ६०. ग्योकुरोचा आकडा मोठा दिसतो तो पानही जास्त आणि पाणी अगदी कमी म्हणून. प्यायला मात्र पन्नास मिलिच असतो. होजिचात कॅफिन जवळजवळ नसतंच असं सांगितलं जातं, ते या आकड्यांशी जुळत नाही. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी संध्याकाळनंतर बानचा किंवा गेनमाइचाकडे वळावं. २ ग्रॅम माच्चात सुमारे ६४ मिलिग्रॅम कॅफिन जातं.

रिकाम्या पोटी पारखायला बसू नका. ग्योकुरो आणि माच्चाने मळमळतं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, कारण चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर माच्चा नियमित सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पूर्ण पान पोटात जात असल्याने त्यात क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व हा काळजीचा मुद्दा असतो.

उन्हाळ्यासाठी एक रीत जरूर जमवा: एक लिटर पिण्याच्या गार पाण्यात १० ते १५ ग्रॅम सेंचा घालून फ्रिजमध्ये तीन ते सहा तास ठेवा आणि गाळा. गार पाण्यात कडवटपणा फार कमी उतरतो. मध्यम दर्जाचा सेंचासुद्धा या रीतीने गोड लागतो. त्याच दिवशी संपवा.

साठवण

हिरव्या चहाचे शत्रू म्हणजे ओल, उजेड, उष्णता, हवा आणि परका वास. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर उघडं पाकीट आठवड्यातच मान टाकतं. पाकिटातली हवा दाबून काढा, चिमटा लावा आणि ते घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात ठेवा, मसाल्याच्या फळीपासून दूर. उघडल्यावर महिन्याभरात संपवणं उत्तम. न उघडलेली पाकिटं फ्रिजमध्ये चालतात, पण बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, शक्यतो रात्रभर, फोडू नका. गार पानावर हवेतली वाफ जमते आणि तेवढी ओल चहा बिघडवायला पुरते.

तरीही एखादा सेंचा जुना झाला, वास गेला, तर फेकू नका. कोरडी, तेल-फोडणीचा वास नसलेली कढई मंद आचेवर तापवा, त्यात मूठभर पान टाका आणि सतत हलवत राहा. आधी पाल्याचा वास येईल, मग खरपूस. पान तपकिरी होऊन पहिला धूर दिसायच्या बेतात आलं की लगेच ताटात पसरा, कढईत ठेवलं तर ते जळत जातं. गार झाल्यावर डब्यात भरा आणि आठवड्याभरात आधणाच्या पाण्यात, अर्धा मिनिट मुरवून, घरचा होजिचा म्हणून प्या.